अर्धं पान, डिग्री वगळून

लिफ्टमध्ये शिरल्यावर माणसं आरशात बघतात, केस सारखे करतात, मोबाइल काढतात. आमच्या मॅडम डोळे मिटून घ्यायच्या. दार लागलं की मान किंचित तिरकी, एक तळहात भिंतीवर सपाट, आणि ओठ हलतायत. नवीन माणसाला वाटायचं, बाई घाबरल्यात आणि रामरक्षा म्हणतायत. त्या मजले मोजत असायच्या आणि आवाज ऐकत असायच्या. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत निकाल तयार. डाव्या बाजूचा रोलर झिजलाय आणि वॉचमन हिच्यातून सिमेंटची पोती नेतो. रोलरचं मलाही आता कळतं. पोत्यांचं त्यांना कसं कळायचं ते मला बारा वर्षांत कळलेलं नाही. पण वॉचमनला विचारलं की तो जमिनीकडे बघायला लागायचा.

आमची कंपनी लिफ्ट बसवते आणि बसवलेल्या सांभाळते. मॅडम आमच्या अंधेरीच्या ऑफिसात सर्व्हिस विभागाच्या प्रमुख होत्या. म्हणजे दहिसरपासून मुलुंडपर्यंत आमची लिफ्ट कुठेही अडकली, तर आत अडकलेल्या माणसाची शिवी फिरत फिरत शेवटी त्यांच्या टेबलावर यायची. हाताखाली साठ-सत्तर पुरुष. त्यानंतर मी.

पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं. मी ताठ बसून सांगितलं: नाव, वडिलांचं नाव, आडनाव, बी. ई. इलेक्ट्रिकल, फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन. सगळं एका दमात. आमच्या अख्ख्या खानदानात कॉलेजच्या गेटातून विद्यार्थी म्हणून आत गेलेलं पहिलं माणूस मी. हे मी बोलले नव्हते, पण आवाजात असणार. मॅडमनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं.

"एवढं सगळं लिफ्टच्या खड्ड्यात मावेल का गं?"

आणि दुसऱ्या दिवशी मला परबकाकांच्या ताब्यात दिलं. परबकाका म्हणजे आमचे सगळ्यात जुने टेक्निशियन. लिफ्टच्या तळाशी एक खड्डा असतो, त्याला आम्ही पिट म्हणतो. लोकांच्या हातून जे जे पडतं ते तिथे जमा होतं. चाव्या, लग्नपत्रिका, एकदा तर कवळी. तीन महिने मी त्या खड्ड्यात होते. परबकाका वरून कंदील धरल्यासारखा टॉर्च धरून म्हणायचे, "पोरी, डिग्री वर ठेव आणि मग खाली उतर. तेलाचो डाग जाणा नाय." मला राग यायचा. पुढे कळलं की मॅडमना पण कंपनीने सुरुवातीला पिटमध्येच उतरवलं होतं, फरक इतकाच की त्यांना उतरवणाऱ्यांना वाटलं होतं बाई चार दिवसांत पळून जाईल. त्या सहा महिने राहिल्या. वरचे तीन त्यांनीच मागून घेतले.

मॅडम इंजिनियरिंगला युनिव्हर्सिटीत पहिल्या, गोल्ड मेडल. आमच्या कंपनीतली पहिली महिला इंजिनियर, पहिली महिला मॅनेजर, पहिली महिला सगळंच. आणि "पहिली महिला" हे दोन शब्द कानावर पडले की त्यांचं डोकं फिरायचं. एकदा कोणत्या तरी मासिकाचा पत्रकार मुलाखतीला आला होता. त्याने विचारलं, पहिली असल्याचं कसं वाटतं? मॅडम म्हणाल्या, "पहिली म्हटलं की मागे रांग पाहिजे ना? मी सतरा वर्षं मागे वळून बघतेय. तेव्हा कुठे ही एक आली." ही म्हणजे मी. माझ्या हातात तेव्हा ग्रीसचा डबा होता. त्याने फोटो काढला, पण छापला नाही.

मार्च महिना हा आमच्याकडे सीझन असायचा. महिला दिन एकच दिवस असतो हा लोकांचा गैरसमज आहे. फेब्रुवारीच्या शेवटापासून गुढीपाडव्यापर्यंत तो चालतो. महिला मंडळं, सोसायट्या, बँका, ज्येष्ठ नागरिक संघ, सगळ्यांना एक कर्तृत्ववान स्त्री लागते, आणि उपनगरांत त्यांचा पुरवठा कमी आहे. त्यामुळे मॅडमना महिनाभर तारखा. त्या एकालाही नाही म्हणायच्या नाहीत. मला वाटायचं, आवडत असेल. एकदा विचारलं तर म्हणाल्या, "हॉलच्या लिफ्ट बघायला मिळतात गं. एरवी दुसऱ्या कंपनीच्या लिफ्टच्या मशीन रूममध्ये आपल्याला कोण सोडतो?"

सत्कारात मिळालेल्या वस्तूंची त्यांनी सोय लावून टाकली होती. काचेची सन्मानचिन्हं मशीन रूमचं दार उघडं ठेवायला. शाली टेक्निशियन लोकांना. परबकाकांच्या स्कूटरच्या सीटला जरीकाठाची शाल शिवलेली होती आणि ते सिग्नलला थांबले की लोक आदराने बघायचे. नारळ तेवढे घरी जायचे, कारण त्यांचे यजमान सोलकढी उत्तम करायचे.

आणि या सीझनमध्ये माझं काम काय, तर परिचय वाचणं. शाळेत असताना मी वक्तृत्व स्पर्धांत बक्षिसं मिळवलेली आहेत, आवाज खणखणीत आहे. एका कार्यक्रमात परिचय वाचणाऱ्या बाई आल्या नाहीत, मी उभी राहिले, तेव्हापासून ते माझ्याकडेच लागलं. लिहायचं मी, वाचायचंही मी. मॅडम आदल्या दिवशी लाल पेन घेऊन माझा कागद तपासायच्या. "घर आणि करिअर यांची तारेवरची कसरत" काटलं. "यजमानांची खंबीर साथ" काटलं, वर लिहिलं, खांब आहे का तो. "स्त्रीशक्तीचं मूर्तिमंत रूप" याच्यावर तर इतका जोर दिला की कागद फाटला. शेवटी उरायची नुसती यादी. मेडल, पदं, वर्षं. ती मी वाचायचे आणि मॅडम स्टेजवर लिफ्टमध्ये असायच्या तशाच बसायच्या. डोळे मिटून. परिचय संपला, टाळ्या वाजल्या, की त्यांचा मजला आला.

त्यांचं एक रविवारचं सांगते, नाही तर चित्र पूर्ण होणार नाही. एका रविवारी सह्या घ्यायला मला त्यांच्या मुलुंडच्या घरी जावं लागलं. तळमजल्यावर लिफ्टचं दार उघडलं तर आत मॅडम. घडीच्या स्टुलावर, गाऊनवर ओढणी, मांडीवर पेपर. मला म्हणाल्या, "ये. कितवा?" मी म्हटलं, मॅडम, तुमच्याकडेच आलेय. "मग आत ये ना." सह्या त्यांनी दुसऱ्या आणि सातव्या मजल्यांच्या मध्ये केल्या. मध्येच एक आजोबा आले, "पाचवा, वहिनी," म्हणाले, आणि मॅडमनी बटण दाबलं. बिल्डिंगमधल्या कोणालाच यात काही वावगं वाटत नव्हतं. दर रविवारी दहा ते बारा त्या तिथे बसायच्या.

वर घरात त्यांच्या यजमानांनी मला पोहे दिले. ते बँकेतून लवकर निवृत्ती घेतलेले, शांत गृहस्थ. म्हणाले, घरात बसवतच नाही हिला. सोफ्यावर बसली की दहा मिनिटांत विचारते, आता मी काय करू? मी म्हणतो, काही करू नकोस. तर म्हणते, ते कसं करायचं? मग मीच तिला स्टूल आणून दिलं. लिफ्टमध्ये बसली की निदान वाटतं, कुठे तरी चाललोय.

मी तेव्हा हसले. ते हसले नाहीत, पोह्यांवर खोबरं घालत राहिले.

आता मुख्य गोष्ट. मागच्या वर्षी मॅडम निवृत्त व्हायच्या होत्या आणि त्यांच्या जागेसाठी दोन नावं होती. एक पुण्याच्या सेल्सचा माणूस, टाय लावणारा. दुसरी मी. वरच्या लोकांनी मॅडमना सांगितलं होतं, तुमच्या शिफारशीचं पत्र ज्याच्या नावाने येईल त्याचा विचार आधी होईल. बारा वर्षं मी त्या बाईंच्या हाताखाली राबले होते. पत्र मलाच मिळणार हे मी धरून चालले होते. घरी बोलूनही मोकळी झाले होते. आईने शेजारी सांगितलं होतं. म्हणजे परतीची वाट बंद.

मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि कोरा कागद पुढे सरकवला.

"पत्र देते. पण आधी तू कोण आहेस ते मला अर्ध्या पानात लिहून दे. डिग्री, पद, मार्क, पहिली-बिहिली, हे सगळं वगळून."

मला वाटलं, हा काय प्रकार, दहा मिनिटांचं काम. दुसऱ्यांचे परिचय मी चहा पिता पिता लिहिते. तो कागद घेऊन मी चार दिवस फिरले. पहिल्यांदा लिहिलं, मी मेहनती आणि प्रामाणिक आहे. परत आला, लाल पेनाने शेरा: "हे बैलाबद्दलही म्हणता येईल." दुसऱ्यांदा लिहिलं, आमच्या घराण्यात शिक्षणाचा दिवा मी लावला. शेरा: "डिग्री मागच्या दाराने आली." तिसऱ्यांदा लिहिलं, मला वाचनाची आवड आहे. त्यांनी बोलावून विचारलं, शेवटचं काय वाचलंस? मला खोटं बोलता येत नाही. म्हटलं, पार्किंगच्या लिफ्टचं सर्किट डायग्राम. चौथ्यांदा मी कंटाळून मोबाइलमधल्या त्या लिहून देणाऱ्या अ‍ॅपला सांगितलं. त्याने फार सुंदर लिहिलं, मी एक जिज्ञासू प्रवासी आहे वगैरे. मॅडमनी वाचलं आणि गंभीरपणे म्हणाल्या, "ही बाई कोण आहे? हिला लिफ्टच्या जवळ फिरकू देऊ नकोस."

पाचवा कागद शनिवारी सकाळी परत आला. त्यावर फक्त एक लाल प्रश्नचिन्ह होतं. सोमवारी वर नाव कळवायचं होतं. आणि शनिवारी दुपारीच चेंबूरच्या एका महिला मंडळात सत्कार.

त्या दिवशी सत्कारमूर्ती दोन. एक मॅडम. दुसऱ्या बोरीवलीच्या एक ताई, पापड-मसाल्यांचा उद्योग असलेल्या. गॅलरीत सुरुवात करून आता चाळीस बायका हाताखाली. त्यांचाही परिचय मंडळाने माझ्याकडूनच लिहून घेतला होता, फोनवर ताईंशी बोलून मीच लिहिला. दोन्ही कागद सारख्याच पिवळ्या फायलींत. परिचयात नाव नव्हतं, कारण नाव पुकारायचा मान मंडळाच्या सेक्रेटरीबाईंनी स्वतःकडे ठेवलेला. त्यांनी मॅडमचं नाव पुकारलं. मी फाइल उघडली आणि वाचायला लागले.

डोक्यात ते प्रश्नचिन्ह होतं. तोंड आपोआप चालत होतं. तीन वाक्यं झाल्यावर माझंच बोलणं माझ्या कानापर्यंत आलं. मी वाचत होते, "लग्नानंतर घराच्या गॅलरीत दोन किलो उडदाच्या पिठापासून ज्यांनी सुरुवात केली..."

मी मॅडमकडे बघितलं. मॅडमचे डोळे सताड उघडे होते. बारा वर्षांत त्यांनी स्वतःचा परिचय डोळे उघडे ठेवून ऐकलेला मी पाहिला नव्हता. गोष्ट ऐकणाऱ्या पोरीसारख्या त्या पुढे झुकून बसल्या होत्या. मी थांबले तर त्यांनी एक बोट वर केलं. आमच्यात ती खूण आहे, शाफ्टच्या तळातून वरच्या माणसाला करायची. म्हणजे, चालू दे, वर घे.

मी वर घेतलं. पहिली चक्की, पहिलं गिऱ्हाईक, पावसात वाया गेलेला अख्खा माल, सगळं वाचलं. हॉलमध्ये चेंबूरच्या बायका, त्यांनी या दोघींना कधी पाहिलेलं नव्हतं. टाळ्या वाजल्या. शाल आली, नारळ आला, आणि मॅडम माइकसमोर उभ्या राहिल्या. एरवी त्या दोन मिनिटांत उरकायच्या. त्या दिवशी वीस मिनिटं बोलल्या.

म्हणाल्या, मला आजतागायत पापड गोल लाटता आलेला नाही. हॉलला विनय वाटला, टाळ्या. म्हणाल्या, आमच्या घरी पापड माझे यजमान भाजतात, मी फक्त मोडते. टाळ्या आणि हशा. म्हणाल्या, लोक म्हणतात तुम्ही इतकं मिळवलंत, पण मला कोणी विचारलं, बाई तू कोण, तर मला अजून नीट सांगता येत नाही, आणि ज्यांना येतं त्यांचा मला फार हेवा वाटतो. टाळ्याच टाळ्या. मी बाजूला उभी राहून घाम पुसत होते आणि माझ्या लक्षात येत होतं की बाई एक शब्द खोटा बोललेली नाही.

शेवटी मंडळाच्या अध्यक्षीणबाई उठल्या आणि त्यांनी जाहीर केलं की मंडळाचे उन्हाळ्याचे पापड या वर्षी मॅडमकडूनच. मॅडमनी पर्समधून डायरी काढली आणि ऑर्डर लिहून घेतली. चाळीस किलो, मिरी कमी, हिंग बेताचा.

आता ताईंची पाळी. मी वाकून त्यांच्या कानात म्हटलं, ताई, चुकलं माझं, माफी मागते आणि सांगून टाकते सगळ्यांना. ताईंनी माझं मनगट धरलं. पापड लाटणारीचा हात, सोडवता येईना.

"दुसरं पान आहे ना तुझ्याकडे? तेच वाच."

मग मी तेही वाचलं. इंजिनियरिंगमध्ये युनिव्हर्सिटीत पहिल्या. सुवर्णपदक. कंपनीच्या पहिल्या महिला इंजिनियर. एकेक वाक्याला ताई खुर्चीत ताठ होत गेल्या. फोनवर त्यांनी मला सांगितलं होतं की आठवीत शाळा सुटली, गणितात पैकीच्या पैकी होते, पण धाकटी भावंडं सांभाळायला कोणी नव्हतं. ते मी त्यांच्या परिचयात घातलं नव्हतं. त्यांनीच घालू नको म्हटलं होतं. शाल अंगावर पडली तशी त्यांनी ती दोन्ही हातांनी घट्ट धरली. माइकसमोर आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "हे सगळं मी केलं असतं."

वाक्य कोणाला नीट लागलं नसावं. टाळ्या जरा उशिरा पडल्या. पण मी मॅडमकडे बघत होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांनी डोक्यावरून पदर घेतल्यासारखी स्वतःची शाल सारखी केली. ती कोणाला द्यायची ते एरवी त्या स्टेजवरच ठरवून टाकायच्या.

चहाच्या वेळी हॉलचा मॅनेजर ताईंना शोधत आला. इंजिनियर मॅडम, जरा आमची लिफ्ट बघता का, फार करकरते. मी पुढे होणार तेवढ्यात मॅडमनी मला कोपराने मागे सारलं. ताई लिफ्टमध्ये गेल्या, एक चक्कर मारून आल्या आणि म्हणाल्या, "कोरडी पडलीय. चक्कीसारखीच. तेल घाला." मॅडम मागे डोळे मिटून उभ्या होत्या. त्या मला हळूच म्हणाल्या, "बरोबर आहे. ऑइल कप रिकामे आहेत." सेक्रेटरीबाईंना चहा पिताना सगळा घोटाळा कळला. पण तोवर फोटो ग्रुपवर गेले होते, खाली पन्नास बायकांचे नमस्कार पडले होते, म्हणून त्यांनी काही न बोलायचं ठरवलं.

परत येताना मी मॅडमच्या गाडीत होते. घाटकोपरला मला सोडून त्या मुलुंडला जाणार. मॅडम एकदम खुशीत. स्टिअरिंगवर बोटं वाजवत म्हणाल्या, "बघितलंस? इतकी वर्षं मला वाटायचं टाळ्या मला पडतात. त्या कागदाला पडतात. कागद बदलला, तरी तेवढ्याच पडल्या. म्हणून तुला सांगते, डिग्री काढून लिही."

मी बारा वर्षं त्यांच्यापुढे आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढला. शिवाय सकाळपासून पोटात काही नव्हतं. म्हटलं, मॅडम, तुमची आजी ग्रॅज्युएट होती. तुमच्याकडे डिग्री म्हणजे घरातली एक शाल, ही नाही तर दुसरी, वाटून टाकली तरी चालते. आज त्या ताईंनी पाच मिनिटं उसनी मिळालेली डिग्री कशी धरली ते पाहिलंत ना? माझे वडील कापडाच्या गोदामात हमाली करायचे. जयंतीच्या मिरवणुकीत मला पुढे करून ओळख करून द्यायचे, ही आमची इंजिनियर. माझं नाव सांगायचे नाहीत. आता मी ती डिग्री खोडून तुम्हाला अर्धं पान भरून देऊ? नसेल पत्र द्यायचं तर नका देऊ. पुण्याच्या माणसाला द्या. त्याच्याकडे टाय आहे.

स्टिअरिंगवर वाजणारी मॅडमची बोटं थांबली. आमच्या बिल्डिंगच्या खाली गाडी उभी राहिली, मी उतरले, तर दुसऱ्या बाजूने त्याही उतरल्या.

आमची बिल्डिंग म्हणजे जुन्या चाळीच्या जागी उभी राहिलेली, चौदा मजली. लिफ्टमध्ये मॅडमनी डोळे मिटले. सातव्यावर उघडले. म्हणाल्या, दुसऱ्या कंपनीची आहे, पण बरी ठेवलीय, तू बघतेस का? मी म्हटलं, मी बघत नाही, बघायला येणाऱ्याच्या डोक्यावर उभी राहते.

आमच्या दारावर पितळी पाटी आहे, वडिलांनी करून घेतलेली. बी. ई. इलेक्ट्रिकल हे मोठ्या अक्षरांत, माझं नाव त्याखाली बारीक. मॅडम ती वाचत उभ्या राहिल्या. दार वडिलांनीच उघडलं. मॅडम त्यांना म्हणाल्या, "नाव फार बारीक झालंय हो."

वडील म्हणाले, "नाव तं सगळ्यायलेच असते, मॅडम."

मॅडमनी पाटी पुन्हा एकदा वाचली. त्या आत आल्या, आईने भाकरी आणि पिठलं वाढलं, त्यांनी मुकाट्याने खाल्लं. मग पर्समधून डायरी काढली आणि पापडांच्या ऑर्डरच्या पुढचं पान उघडून वडिलांना विचारलं, तुमची ही मुलगी कोण आहे ते मला सांगा, तिला सांगता येत नाहीये, मला तिच्यासाठी पत्र लिहायचंय.

वडिलांनी आधी दोन्ही हात मांडीवर ठेवले. "लिहा. बी. ई. इलेक्ट्रिकल. फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन. हे आधी लिहा, मंग बाकीचं सांगतो."

मॅडमनी लिहिलं. वडील वाकून बघेपर्यंत पेन उचललं नाही.

मग बाकीचं निघालं. वडील म्हणाले, हिला खोटं बोलता येत नाही, बोलली तर कान लाल होतात. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, भूक लागली की कोणाचं ऐकून घेत नाही, समोर कलेक्टर असला तरी. वडील म्हणाले, बिघडलेली वस्तू दिसली की तिथून हलत नाही, शेजारच्यांचा मिक्सर तिने तीनदा उघडलाय, एकदा चालूही झाला. आई म्हणाली, रडत नाही, भांडी घासते. मी मध्ये मध्ये अहो, ए, असं करत होते, पण कोणी माझ्याकडे लक्ष दिलं नाही. मॅडम शाळेतल्या मुलीसारख्या उतरवून घेत होत्या. बरोबर अर्धं पान झालं.

डायरी मिटताना वडिलांनी विचारलं, सहज, पाहुण्याला विचारावं तसं. "आन् तुम्ही, मॅडम? तुमचं काय सांगावं माणसानं?"

मॅडमनी पेनाला टोपण लावलं. मला वाटलं, आता मेडल येणार. त्यांनी खरंच विचार केला.

"माझ्याकडे सध्या चाळीस किलो पापडांची ऑर्डर आहे," त्या म्हणाल्या.

सोमवारी पत्र वर गेलं. पहिली ओळ वडिलांनी सांगितलेली, पुढे बाकीचं, एक शब्द न बदलता, फक्त टाइप करून आणि खाली सही. इंटरव्ह्यूला तिघे जण बसले होते. मधल्या साहेबांनी माझ्यासमोर पत्र धरलं, मग बिस्किटांची बशी पुढे केली आणि म्हणाले, आधी हे खाऊन घ्या, मग आपण बोलू. जागा मला मिळाली. पाटीवर पद वाढवायचं का म्हणून वडील विचारत होते. मी म्हटलं, वाढवा.

मॅडम निवृत्त झाल्या. चाळीस किलोंची ऑर्डर त्यांनी अर्थातच बोरीवलीच्या ताईंकडे नेली, आणि गेल्या त्या तिथेच रमल्या. आता आठवड्यातून तीन दिवस मुलुंडहून बोरीवलीला जातात, पापड लाटायला. ताईंनी पहिल्या दिवशी सांगितलं, मॅडम, तुम्ही नुसत्या बसा, बायकांना बरं वाटेल. त्या बसल्या नाहीत. मग ताईंनी त्यांना बारीक पीठ दिलं, जाड पीठ दिलं, छोटं लाटणं दिलं, शेवटी हात टेकले. मॅडमचा माल विक्रीला जात नाही, वेगळ्या डब्यात घरी येतो. यजमान भाजतात आणि हा कुठला देश, हा कुठला, असं ओळखत बसतात. रविवारी स्टूल घरातच असतं, त्यावर पापडांची परात वाळते.

परवा दुपारी मी साइटवर असताना त्यांचा फोन आला. मला वाटलं, काही झालं की काय.

"ऐक. आज अकरा झाले. त्यातले दोन गोल."

मी म्हटलं, अरे वा, मॅडम. गोल्ड मेडलचा उल्लेखसुद्धा त्यांनी या आवाजात कधी केला नव्हता.

मागे बायकांचा गलका आणि ताईंचं हसणं ऐकू येत होतं.

"ते दोन ताईंचे आहेत," मॅडम म्हणाल्या. "नऊ माझे."